यरुशलेमात उतरावे कोठे?



गेल्या वर्षी सुक्कोथच्या सणाच्या सुमारास माझ्या आत्या अलिबागहून आमच्याकडे आल्या. वय पंच्याहत्तर, गुडघे दुखरे, पण उत्साह दांडगा. आल्या दिवशीच त्यांनी मला सांगून ठेवले, "अगो, मला कोतेलला हात लावायचा आहे आणि सगळं यरुशलेम डोळे भरून बघायचं आहे. दोन रात्री राहू. हॉटेल बघशील ते जवळ बघ, पण पैसे उधळू नकोस."

जवळ आणि स्वस्त! या दोन शब्दांचा मेळ घालता घालता माझे चार दिवस गेले. कोटाजवळच्या हॉटेलांचे दर ऐकून छाती दडपली. स्वस्त हॉटेले पाहावीत, तर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. अखेर एक सापडले. जुने शहर पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, असे त्याच्या जाहिरातीत म्हटले होते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते खोटे नव्हते. मात्र त्या रेघेच्या मध्ये हिन्नोमची दरी होती आणि दरीला पायऱ्या होत्या. निम्म्या वाटेवर आत्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हॉटेल स्वस्तच आहे गो, पण आता टॅक्सी त्याला महाग करणार." तसेच झाले. दोन दिवसांच्या टॅक्सीच्या भाड्यात कोटाजवळचे हॉटेल सहज परवडले असते.

त्या रात्री मला झोप येईना. इतिहास शिकविणाऱ्या बाईच्या मनात जो प्रश्न यावयाचा तोच आला. या नगरीत हजारो वर्षे लोक दुरून येत आहेत. ते कोठे उतरत होते? त्यांना कोणी आसरा दिला, आणि किती मोल घेऊन?

बेथ हामिकदाश उभे होते त्या काळी पेसाह, शावुओथ आणि सुक्कोथ या तीन सणांना यरुशलेमची यात्रा करणे ही तोराची आज्ञा होती. सणाला शहर किती भरत असेल याची कल्पना आपण करू शकतो. योसेफस या इतिहासकाराच्या लेखनात सणासाठी आलेल्या लोकांच्या तंबूंचा उल्लेख आढळतो. म्हणजे सर्वांना घरात जागा मिळत नव्हती. तरीही मिश्नाच्या आवोथ या भागात बेथ हामिकदाशाच्या संदर्भात जे दहा चमत्कार सांगितले आहेत, त्यांतील एक मोठा विचार करावयास लावणारा आहे. यरुशलेमात मुक्कामाला जागा अपुरी आहे, अशी तक्रार कोणीही दुसऱ्याजवळ केली नाही, असा त्याचा आशय आहे. हाकामांनी मुक्कामाच्या सोयीची गणना चमत्कारांत केली! यात्रेकरूची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती, असाच त्याचा अर्थ मला वाटतो.

तालमूदमध्ये याहून पुढची गोष्ट सांगितली आहे. यरुशलेमातील घरे यात्रेकरूंना भाड्याने देऊ नयेत, कारण ही नगरी कोणा एका वंशाची मालमत्ता नाही, ती सर्व इस्राएलाची आहे, असे मत तेथे नोंदलेले आहे. दारी आलेला पाहुणा एका अर्थी आपल्याच घरी आलेला असे. मग घरमालकाच्या पदरी काय पडे? यात्रेकरूने आणलेल्या बलिदानाच्या जनावराचे कातडे. हे कातडे घरमालक बळजबरीनेही घेत असत, ही गोष्टही तालमूद लपवून ठेवीत नाही. मनुष्यस्वभाव त्या काळीही निराळा नव्हता! परंतु याच चर्चेतून एक सुंदर रीत पुढे आली. पाहुण्याने निघताना आपले मातीचे भांडे आणि कातडे यजमानाकडे ठेवून जावे. ते भाडे नव्हे, ती उपकाराची जाणीव.

हे केवळ ग्रंथातील आदर्श होते काय? तसे नाही. १९१३-१४ साली रेमों वैल या फ्रेंच संशोधकाने दावीदनगरीच्या उतारावर उत्खनन केले. तेथे ग्रीक भाषेत दहा ओळी कोरलेला एक दगड मिळाला. त्यावर थेओदोतोस या सभास्थानप्रमुखाचे नाव आहे. त्याचे वडील व आजोबाही सभास्थानप्रमुख होते. तोराचे वाचन व्हावे आणि आज्ञांचे शिक्षण मिळावे म्हणून त्याने सभास्थान बांधले, आणि त्यासोबत परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी अतिथिगृह, खोल्या व पाण्याची सोय केली, असे त्या लेखात सांगितले आहे. बहुतेक अभ्यासक हा लेख सन ७० मधील विध्वंसापूर्वीचा मानतात. ही जागा मंदिराच्या टेकडीच्या दक्षिणेकडील उतारावर, मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आहे. जवळची जागा, गरिबाला परवडणारी सोय आणि पाणी! आत्यांनी माझ्याकडे जे मागितले होते ते सर्व त्या एका दगडावर होते. शाळा, प्रार्थना आणि धर्मशाळा एकाच छपराखाली असावी, ही कल्पनाही मला शिक्षिका म्हणून फार भावली.

मंदिर गेले, राज्य गेले. तरी यात्रेकरू येतच राहिले. मुसलमानी अमदानीत उतारूंसाठी सराया होत्या. साखळी दरवाजाच्या रस्त्यावरील खान अल्-सुलतान ही सराई आजही पाहावयास मिळते. तिच्या डागडुजीचा लेख १३८६ सालचा आहे. खाली जनावरे आणि माल, वर माणसे, अशी तिची रचना. आपल्याकडील जुन्या सराया आठवल्या म्हणजे ती ओळखीची वाटते.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी सुरू झाल्या आणि गर्दी वाढली. मग युरोपातील अनेक राष्ट्रांनी आपापल्या यात्रेकरूंसाठी येथे इमारती उभ्या केल्या. त्यामागे दयाधर्म होता, तसे राजकारणही होते. रशियाने १८६० च्या दशकात कोटाबाहेर आपल्या गरीब शेतकरी यात्रेकरूंसाठी एक मोठे आवारच बांधले. ऑस्ट्रियाचे अतिथिगृह १८६३ मध्ये जुन्या शहरात सुरू झाले. फ्रेंच कॅथलिकांनी १८८५ पासून नोत्र दामची भव्य इमारत कोटासमोर बांधावयास घेतली. तिकडून ये-जा सोपी व्हावी म्हणून १८८९ मध्ये कोटाला नवे दार पाडण्यात आले. तोच आजचा 'नवा दरवाजा'. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानाने बांधलेल्या तटाला उतारूंच्या पायांसाठी वाट द्यावी लागली! मुक्कामाच्या जागेचे महत्त्व याहून निराळे काय सांगावे?

हिंदुस्थानचेही एक घर येथे आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. हेरोद दरवाजाजवळ हिंदी यात्रेकरूंची एक धर्मशाळा आहे. पंजाबचे सूफी संत बाबा फरीद यांच्या वास्तव्याशी परंपरा तिचा संबंध जोडते. १९२४ साली सहारनपूरचे नझीर हसन अन्सारी तिची व्यवस्था पाहण्यासाठी आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने तो वसा चालविला. दुसऱ्या महायुद्धात रजेवर आलेले हिंदी सैनिक तेथे विसावा घेत असत.

आणि आपले यहुदी हॉटेल? कामिनित्झ कुटुंबाचे हॉटेल त्या काळी प्रसिद्ध होते. २८ ऑक्टोबर १८९८ या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, थिओडोर हर्झल यरुशलेमच्या स्टेशनावर उतरले. गाडी उशिरा आली आणि शाब्बाथ लागला, म्हणून अंगात ताप असतानाही ते गावापर्यंत पायी चालत गेले. जर्मन कैसर दुसरा विल्हेल्म याच दिवसांत येत असल्यामुळे शहरात खोली मिळणे दुरापास्त झाले होते. कामिनित्झच्या हॉटेलातून हर्झल यांना बिऱ्हाड हलवावे लागले आणि ममिला रस्त्यावरील स्टर्न कुटुंबाने त्यांना आपल्या घरात जागा दिली. ज्या पुरुषाने यहुद्यांना देश मिळवून देण्याचे स्वप्न पाहिले, त्यालाही यरुशलेमात हॉटेलने नव्हे, तर एका कुटुंबाने आसरा दिला. मी हा प्रसंग वर्गात नेहमी सांगते.

पुढे १९३१ मध्ये किंग डेव्हिड हॉटेल उघडले. ते श्रीमंतांचे आणि राजेरजवाड्यांचे. १९४८ ते १९६७ पर्यंत शहराचे दोन भाग झाले आणि कोतेल आपल्याला अंतरले. त्या एकोणीस वर्षांत कितीही पैसे मोजले तरी कोतेलजवळ मुक्काम शक्य नव्हता.

याच काळात, १९६४ च्या उन्हाळ्यात, आपले बेने इस्राएल लोक गावोगावहून यरुशलेमात आले. ते शहर पाहावयास आले नव्हते. विवाहाच्या बाबतीत आपल्या यहुदीपणाविषयी घेतल्या जाणाऱ्या शंकेच्या विरोधात धरणे धरण्यासाठी ते आले होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असे जाहीर केले. इतर लोकांनी यरुशलेमात दगडी इमारती बांधून आपली जागा मिळविली. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती धरणे धरून मिळविली. म्हणून आपली आत्या, मावशी, मामा हे शहर पाहावयास येतात, तेव्हा त्यांना एका खोलीसाठी अपमानित व्हावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

आता थोडे व्यवहाराचे, कारण इतिहासाने शहाणे व्हावयाचे नसेल तर तो शिकावयाचा कशाला?

पहिली गोष्ट अशी की अंतर मिनिटांत न मोजता चढ-उतारांत आणि पायऱ्यांत मोजावे. यरुशलेम डोंगरावर वसले आहे. वृद्ध माणूस सोबत असेल, तर हॉटेलात दूरध्वनी करून वाटेत पायऱ्या किती, हे स्पष्ट विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे 'जवळ' या शब्दाचा अर्थ आता बदलला आहे. २०११ पासून याफो रस्त्यावरून हलकी रेल्वे धावते. २०१८ मध्ये मध्यवर्ती बस स्थानकाशेजारी यित्झाक नावोन स्टेशन उघडले. या रेल्वेच्या थांब्यालगतची साधी खोली कोटाजवळच्या महागड्या खोलीइतकीच उपयोगी पडते. कोतेलला जाताना बसने डंग गेटकडून जावे. याफो दरवाजाकडून गेल्यास बाजारातील पायऱ्या उतराव्या लागतात. मात्र शाब्बाथला रेल्वे बंद असते. शाब्बाथसाठी मुक्काम करावयाचा असेल, तर पायी जाता येईल असेच ठिकाण घ्यावे, मग दोन पैसे अधिक पडले तरी चालतील.

तिसरी गोष्ट युवक वसतिगृहांची. नावावर जाऊ नये. तेथे कुटुंबांनाही खोल्या मिळतात. आग्रोन रस्त्यावरचे वसतिगृह शहराच्या मध्यभागी आहे आणि गिवात रामचे संग्रहालयाजवळ. आणि शक्य तर सणाचे दिवस टाळावेत. सणाला दर चढतात. कातड्याच्या काळापासून यात खंड पडलेला नाही.

आत्यांची हकिकत पुरी करते. हिंदुस्थानात परतण्यापूर्वी त्यांना पुन्हा एकदा कोतेलला जावयाचे होते. या वेळी मी हॉटेल शोधले नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे सासर यरुशलेमला आहे. तिच्या सासूबाईंनी दूरध्वनीवरच सांगितले, "बाई, हॉटेलात कशाला? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. आत्याबाईंना घेऊन या." दोन रात्री आम्ही तेथे राहिलो. दोघी वृद्ध स्त्रिया रात्री उशिरापर्यंत रेवदंडा आणि पेणच्या गोष्टी बोलत बसल्या. निघताना पैशाचा विषय काढण्याची माझी छाती झाली नाही. आत्यांनी मात्र अलिबागहून आणलेले पोहे, मलिद्यासाठी जपून ठेवलेले, डब्यासकट त्या घरी ठेवले.

"डबा राहिला," असे मी म्हणाले.

"राहिला नाही, ठेवला," आत्या म्हणाल्या.

तालमूदमधील त्या मातीच्या भांड्याविषयी त्यांनी कधी वाचलेले नाही. पण रीत त्यांना ठाऊक होती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी एखादी खोली मोकळी असेल, त्यांनी हिंदुस्थानातून येणाऱ्या आपल्या माणसांसाठी ती उघडावी, एवढीच माझी विनंती आहे. यरुशलेमात जागा नाही असे कोणी म्हणू नये, हा चमत्कार घडविणे अजूनही आपल्या हाती आहे.