जादूगार, मदारी आणि बाबा

मराठवाड्यातल्या आपल्यापैकी अनेकांनी जादू पहिल्यांदा पाहिली ती जत्रेत. लोहा तालुक्यातलं माळेगाव घ्या, नाहीतर लातूरची महाशिवरात्रीची सिद्धेश्वर यात्रा. तेव्हा आज आपण राजे-रजवाड्यांचा नाही, तर हातचलाखीचा इतिहास पाहू.

पाश्चात्त्य शहरांत या कलेला नाइटक्लब मिळाले. तिथं जादूगार टेबलाटेबलापाशी जाऊन पत्त्यांचे खेळ करायचा. नवा प्रयोग शोधला की तो जादूगारांच्या मासिकात छापायचा किंवा विकायचा. त्यामुळे प्रयोगाबरोबर शोधणाऱ्याचं नावही टिकलं. आपल्याकडं काय झालं? कोयीपासून आंब्याचं रोप उगवून दाखवणं, टोपलीत बसलेलं पोर गायब करणं, हे खेळ युरोपीय प्रवाशांनी थक्क होऊन लिहून ठेवले. पण ते शोधले कुणी, हे कुणालाच ठाऊक नाही. विद्या बापाकडून पोराकडं गेली, नाव मागंच राहिलं.

मराठी रंगमंचावर जादूला प्रतिष्ठा मिळवून दिली ती रघुवीर भोपळे यांनी, म्हणजे आपल्या जादूगार रघुवीर यांनी. १९२४ साली चाकणजवळच्या आंबेठाणला जन्म, पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात शिक्षण. आणि त्यांचे गुरू कोण? राणा नावाचा रस्त्यावर खेळ करणारा एक राजस्थानी जादूगार! पुढं रघुवीरांनी देशोदेशी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिलं. १९८४ मध्ये ते गेले. नंतर मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ही परंपरा चालवली.

आता जरा थांबून विचार करू. शिष्य नाट्यगृहात तिकीट लावून खेळ करतो, तो कलावंत. आणि गुरूसारखी रस्त्यावरची माणसं? १९५९ चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा पाहा. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे घेणं त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत बसवलंय. हात तेच, चलाखी तीच. फरक फक्त डोक्यावर छप्पर आहे की नाही, एवढाच!

याच चलाखीचा तिसरा वारसदार म्हणजे बाबा. लिंबू कापलं की रक्त येतं, ‘करणी झाली’ म्हणतात. सुरीच्या पात्याला जास्वंदीचा रस लावून वाळवलेला असतो. लिंबाच्या आम्लानं तो लाल होतो, बस्स. नारळावर पाणी शिंपडलं की पेट घेतो, कारण शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो. मदारी हे करून टोपी फिरवतो, घरी जाऊन चार घास खातो. बाबा तेच करून घरातल्या आजारी बाईचा दवाखाना बंद करतो, शेत विकायला लावतो. शेजारणीला ‘करणी करणारी’ ठरवतो, आणि मग गाव तिच्या जिवावर उठतं.

म्हणूनच अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जादूगाराचीच पेटी उचलली आणि गावोगावी, शाळाशाळांत चमत्कार करून दाखवून त्यामागचं कारण सांगितलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, त्यांच्यावर दहशत बसवणं, हे त्यात गुन्हा आहे.

म्हणजे बघा, प्रश्न जादूचा नाहीच. जादूगार आपल्याला फसवतो, पण आपल्या संमतीनं. तंबूतून बाहेर पडताना आपली अक्कल आपल्याकडंच असते. बाबा ती काढून घेतो.

यंदा जत्रेत मदारी दिसला, तर दहा मिनिटं थांबू या, टाळ्या वाजवू या आणि पैसे देऊ या. भीक म्हणून नाही, बिदागी म्हणून. कारण आपल्या जादूच्या इतिहासातलं पहिलं नाव त्याच्याच घराण्यातलं असणार, फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही.