अवयव दडवणाऱ्या संख्या

सातपुड्याच्या पायथ्याच्या खापरपासून चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणपर्यंत जायचे तर खानदेशाच्या एका अंगाकडून दुसरीकडे जावे लागते. पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता आणि त्याची नोंद तिथल्या शिलालेखात आहे. मोठ्या संयुक्त संख्यांच्या अभ्यासाची सुरुवात खानदेशातल्या वाचकाने या घराण्यापासूनच करावी, असे मला मनापासून वाटते.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ (इ. स. ११५०) या ग्रंथात एक प्रश्न आहे: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. युरोपात फर्मा या गणितज्ञाने १६५७ साली हेच कोडे घातले, तेव्हा भास्कराचार्यांचे उत्तर पाचशे वर्षांचे झाले होते. या संख्येचे अवयव पाडा म्हटले तर कोणीही आधी २, ३, ५ करत भागाकाराला लागेल. पण ती आली कुठून, ते पाहा. चक्रवाल या टप्प्याटप्प्याने उत्तराकडे नेणाऱ्या पद्धतीने जाताना वाटेत ३८०५ आणि २९७१८ ही जोडी लागते: ३८०५ च्या वर्गाची ६१ पट आणि २९७१८ चा वर्ग यांत फक्त १ चा फरक आहे. या जोडीची तिच्याशीच भावना केली, म्हणजे ठरावीक रीतीने गुणाकार केला, की २ × २९७१८ × ३८०५ हे उत्तर हाती येते. आता ३८०५ म्हणजे ५ × ७६१, आणि २९७१८ म्हणजे २ × ३ × ३ × १३ × १२७. नऊ अंकी संख्या पाच मिनिटांत सुटी झाली, कारण ती कशी घडली हे आपल्याला ठाऊक होते.

घडण ठाऊक नसली, तर काय होते? या क्षेत्राचा खरा गाभा इथे आहे. संख्या संयुक्त आहे हे ठरवणे आणि तिचे अवयव शोधणे, ही दोन निराळी कामे आहेत. २ चा १४ वा घात १६३८४. त्याला १५ ने भागले की बाकी ४ उरते. १५ मूळ संख्या असती तर तिच्याहून एकाने लहान असलेल्या या घाताची बाकी १ च उरायला हवी होती. म्हणजे ३ आणि ५ यांचे नावही न घेता १५ संयुक्त ठरली! अशाच, पण याहून सूक्ष्म कसोटीने ल्यूकास या गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवले की २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी एकवीस अंकी संख्या संयुक्त आहे. अवयव मात्र त्याच्याजवळ नव्हते. ते १९०३ साली फ्रँक नेल्सन कोलने मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

पहिले काम आता पूर्णपणे आटोक्यात आले आहे. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये त्याची खात्रीची आणि जलद रीत दिली. दुसरे काम अजून अडून आहे, आणि आरएसए या कूटलेखन पद्धतीची सारी भिस्त त्या अडण्यावर आहे. आव्हान म्हणून जाहीर झालेल्या आरएसए संख्यांपैकी २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली. ६१७ अंकी संख्येचे अवयव अजून कोणी जाहीर केलेले नाहीत.

या अभ्यासाला प्रयोगशाळा लागत नाही. नववी-दहावीची बीजगणिताची तयारी आणि कागद पुरे. या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात २ चा ११ वा घात उणे १, म्हणजे २०४७, ही संख्या घेतली आहे. तिचा प्रत्येक मूळ अवयव २२ च्या पटीत १ मिळवून येतो. कोलच्या संख्येत हाच नियम १३४ साठी लागू पडतो. प्रकरण उघडण्याआधी वाचकाने २०४७ चे अवयव स्वतः काढावेत. २३ पासून सुरुवात करावी.