लिस्ट बदलायची का? आधी दप्तराचं बोला

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटांच्या इतिहासावर मी पीएचडी करतोय. कासुर्डीला घरी हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे नक्की काय करतोस?" आज एक चालू वाद सांगतो, त्यातून कदाचित उत्तर मिळेल.

मी ज्या एका छोट्या गटात काम करतो, तिथे प्रश्न आलाय : जुनी मेलिंग लिस्ट सोडून नव्या ठिकाणी जायचं का? मेलिंग लिस्ट म्हणजे साधी गोष्ट. एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्या सभासदांना जाते आणि एक प्रत दप्तरी जमा होते. आमची लिस्ट मेलमन २ वर चालते. ती पायथन २ मध्ये लिहिलेली, आणि त्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. घर उभं आहे, पण गळायला लागलं तर दुरुस्त करणारं कुणी नाही. पर्याय दोन : २०१५ मध्ये आलेली मेलमन ३, नाहीतर ब्राउझरमध्ये चालणारं डिस्कोर्स. ग्नोम आणि पायथन या मोठ्या प्रकल्पांनी डिस्कोर्स जवळ केलं. लिनक्स कर्नलचं काम अजूनही मेलवरच चालतं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. नव्या मुलांना मेलवरची लांबलचक चर्चा किचकट वाटते. उलट, पुणे-दौंड गाडीत रेंज गेली तरी उतरवून घेतलेल्या मेल मी वाचू शकतो, उत्तर लिहून ठेवू शकतो. रेंज आली की ते जातं. पण एवढ्यावरच वाद थांबला तर खरा प्रश्न राहून जातो : जुन्या पत्रांचं काय?

इथे थोडं मागे जाऊ. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध वापरायचं ठरवलं. कारण सोयीचं आणि एकसारखेपणाचं होतं, आणि ते चुकीचं होतं असं मला वाटत नाही. हात न उचलता झरझर लिहायला मोडी उत्तम. छापायला आणि परक्याला वाचायला बाळबोध सोपी. मोडी लगेच संपली नाही. घरच्या हिशेबांत आणि खासगी पत्रांत ती पुढे काही दशकं टिकली. कागदही जागेवर राहिले. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांमागून रुमाल आहेत. आटले ते वाचणारे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या कुणबी नोंदी धुंडाळायची वेळ आली, तेव्हा गावोगावच्या दप्तरांसाठी मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या बदलाचं बिल असं उशिरा येतं, आणि ते भरतो तिसराच.

संगणकावर तर वाचणारे असतात आणि कागदच जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने सांगितलं, की याहू ग्रुप्सवर साठलेला मजकूर काढून टाकणार. डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद झाली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं, त्यांचं वाचलं.

आता मला सगळ्यात शिकवून गेलेला प्रसंग. ग्मेन नावाच्या संकेतस्थळावर हजारो लिस्टांचं दप्तर होतं, आणि लोक बिनधास्त तिथले दुवे देत. जुलै २०१६ मध्ये ग्मेनचं वेब-पान बंद झालं आणि ते दुवे एका फटक्यात निकामी झाले. पण प्रत्येक मेलसोबत एक मेसेज-आयडी असतो. तो पाठवणाऱ्याच्या बाजूलाच तयार होतो आणि मेलबरोबर फिरतो. लिस्ट कुठल्या यंत्रावर आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्यांनी संदर्भात हा आयडी लिहून ठेवला होता, त्यांना ती मेल दुसऱ्या दप्तरातही सापडली. पुढे २०१८ मध्ये कर्नलवाल्यांनी 'लोअर' हे स्वतःचं दप्तर उभं केलं. त्यातल्या जुन्या मेल लोकांनी आपापल्या संग्रहातून दिल्या, आणि तिथल्या पत्त्यातच मेसेज-आयडी असतो.

म्हणून आमच्या गटात मी "जाऊया" असंच मत देणार आहे, पण तीन अटींवर. एक, जाण्याआधी सगळं दप्तर साध्या फाइलींमध्ये उतरवायचं आणि निदान तिघांकडे प्रत ठेवायची. दोन, जुने दुवे मेसेज-आयडीवरून उघडत राहिले पाहिजेत. तीन, नव्या जागीही मेलवरून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे, नाहीतर गाडीतला माणूस चर्चेतून उतरलाच म्हणून समजा.

या अटींना वेळ लागेल, आणि "आधी हलू, मग बघू" म्हणणारे वैतागतील. त्यांना मी एवढंच विचारणार आहे : पन्नास वर्षांनी कुणाला आपलं आजचं भांडण वाचायचं असेल, तर त्याने कुठल्या पत्त्यावर यायचं?

तुमच्याही एखाद्या गटात हा विषय निघाला, तर नव्या जागेची वैशिष्ट्यं मोजण्याआधी जुनं दप्तर कुणाकडे आहे ते विचारा. उत्तर द्यायला कुणी पुढे आलं नाही, तर पहिलं काम तेच.