लिट्ल ग्रीनब्रायरची वाट

निसर्गलेखन शिकवताना ‘निर्मनुष्य अरण्य’ ही कल्पना आपण बहुधा निमूटपणे स्वीकारतो. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात मात्र अरण्य निर्मनुष्य करावे लागले. चेरोकींना १८३८ मध्येच या डोंगरांतून सक्तीने घालवण्यात आले होते. १९३४ साली उद्यान झाले ते गोऱ्या शेतकऱ्यांची शेतेघरे विकत घेऊन.

टेनेसीकडील पायथ्याशी लिट्ल ग्रीनब्रायरची १८८२ सालची ओंडक्यांची शाळा आहे. तेथून दोनेक किलोमीटर चालले की वॉकर भगिनींचे घर लागते. आज भटक्यांना रानवाट वाटणारी ही वाट म्हणजे गावाचा जुना रस्ता. पाच अविवाहित बहिणी येथून हटल्या नाहीत. अखेर ४,७५० डॉलर आणि हयातभर राहण्याचा हक्क यांवर तडजोड झाली. १९४६ साली ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ने त्यांच्यावर लेख छापला आणि त्या स्वतःच ‘प्रेक्षणीय’ ठरल्या (माणसांना हे विशेषण लावणे जड जाते, पण दुसरे सापडत नाही).

लुईसा वॉकर येणाऱ्यांना स्वहस्ते लिहिलेल्या कविता विकत. उद्यानासाठी घर जाण्याचे दुःखही त्यांनी कवितेत मांडले आणि ते विकत घेणारे उद्यान पाहायला आलेलेच होते. या साध्या यमकांना कोणी अभिजात म्हणणार नाही. आम्हांला मात्र उद्यानाच्या इतिहासात त्या सरकारी दस्तऐवजांच्या बरोबरीच्या वाटतात.

१९५३ मध्ये उरलेल्या बहिणींनी अधीक्षकांना पत्र लिहिले : आता वय झाले, ‘पाहुण्यांचे स्वागत’ ही पाटी काढावी. लुईसा १९६४ साली वारल्या, त्या शेवटच्या.