आकाशातील ऊ

हौशी माणसाने केलेले स्टूल डगमगले, तर फार तर बसणारा आपटतो. विमानाचे तसे नाही. हा साधा धडा शिकायला युरोपला बरीच किंमत मोजावी लागली.

आँरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाने १९३३ साली एक चिमुकले विमान बनवले आणि त्याला नाव दिले ‘आकाशातील ऊ’. इंग्रजांनी पुढे उवेची पिसू केली! पंख दोन, एकामागे एक. पायांनी चालवायचे काही नाही. हातातला एकच दांडा मागे ओढला की पुढचा पंख कलून नाक वर यावे. बाजूला नेला की सुकाणू वळावे. लाकूड, कापड, सरस आणि मोटारसायकलीला शोभेल एवढेसे इंजिन, की झाले विमान! १९३४ साली त्याने कृतीचे पुस्तकही छापले. ज्याला खोके ठोकता येते त्याला हेही जमेल, असा त्याने वाचकांना धीर दिला. १९३५ च्या ऑगस्टमध्ये तो स्वतः याच विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. मग काय विचारता! गॅरेजात, परसात करवती चालू लागल्या.

पाठोपाठ अपघात आले, माणसे मेली. विमान नाक खाली करून सुटे. चालक जिवाच्या आकांताने दांडा ओढी. पण विमान सावरत नसे. अशा वेळी सुताराच्या हाताला दोष देणे सोपे असते. परंतु १९३६ साली इंग्लंडात फार्नबरो येथे व फ्रान्समध्येही वाऱ्याच्या बोगद्यात या विमानाची परीक्षा झाली, तेव्हा निराळेच निघाले. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की दोन पंखांमधील फटीतून हवा जोराने जाई आणि मागचा पंख उचलला जाई. दांडा ओढावा तो मागचा पंख अधिकच उचले. म्हणजे वाचवणारी कृतीच मारणारी ठरे! उड्डाणांवर बंदी आली. मिन्येने पुढे रचना सुधारली, पण तोवर लाट ओसरली होती.

हे झाले अजाणतेपणाचे. जाणत्यांचे काय? ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचे चार इंजिनांचे नवे विमान कसलेल्या वैमानिकांच्या हाती कोसळले. वाऱ्याने हलू नयेत म्हणून शेपटीच्या पट्ट्यांना लावलेली कडी काढायची राहिली होती. त्यातून उड्डाणापूर्वी वाचायची यादी रूढ झाली.

तरीही १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून गेला. दुसऱ्याने घरी बांधलेले ते विमान त्याने नुकतेच विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची मूठ मूळ आराखड्यातली जागा सोडून चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. ती फिरवायची तर मागे वळावे लागे. इंधन कमी आहे हे जमिनीवरच दिसले होते. पण तासाभराचे तर उड्डाण, म्हणून भरून घेतले नाही.

तीन अपघात, तीन प्रश्न. आराखडा कुणी पारखला? कडी काढली का? इंधन पुरेल का? पहिला प्रश्न एकट्या हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यासाठी दुसऱ्याचे शहाणपण मागावे लागते. उरलेले दोन मात्र शाळकरी पोरालाही विचारता येतील.

वर्गात मी विचारतो, “पेपर तपासलास?” मुलगा पानांकडे न बघताच म्हणतो, “हो गुरुजी.” त्याचे चार गुण जातात, एवढेच. आकाशात असे ‘हो’ म्हणणाऱ्याला दुसरा पेपर मिळत नाही.