वळूची तपासणी आधी, नवऱ्याची शेवटी : पुरुष वंध्यत्वाच्या आनुवंशिक कारणांचा इतिहास

मागच्या पोळ्याच्या सुमारास आमच्या वाशिम जिल्ह्यातल्याच एका खेड्यातून एक जोडपं दवाखान्यात आलं. सोबत मुलाचे आईवडील. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. पिशवीतून जाडजूड फाईल निघाली. सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनलिकांची तपासणी. सगळं सुनेचं आणि सगळं नॉर्मल. मुलाच्या नावाचा एकही कागद नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "त्याले काय झालं? धडधाकट आहे तो." मी सासऱ्यांना विचारलं, "काका, तुमची गाय तीन-चारदा उलटली तर काय करता?" ते म्हणाले, "मंग दुसऱ्या वळूचं पाहतो ना साहेब." एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले.

गोठ्यात जे सहज कळतं, ते घरात कळायला इतका उशीर का लागतो? आज त्याचाच इतिहास पाहू.

जुनी समज

आपल्याकडे पुरुषाच्या बीजात दोष असू शकतो हे फार पूर्वी लिहून ठेवलेलं आहे. चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. म्हणजे 'वांझ' हा शब्द फक्त बाईला चिकटवायला शास्त्राचा आधार कधीच नव्हता.

शुक्राणू प्रत्यक्ष दिसला तो १६७७ मध्ये. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक यांनी स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. पण दिसणं वेगळं आणि मोजणं, पारखणं वेगळं. त्याला आणखी अडीचशे वर्षं लागली.

वळूंनी काय शिकवलं

विसाव्या शतकात कृत्रिम रेतन सुरू झालं. भारतात त्याचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर झाला. आपल्या महाराष्ट्रात मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' ही संस्था स्थापन केली आणि संकरित गायींसाठी कृत्रिम रेतन गावोगावी पोहोचवलं. आता एका वळूच्या वीर्यकांड्या हजारो गायींसाठी वापरल्या जातात. साहजिकच वळूत खोट असेल तर नुकसान हजारो गोठ्यांचं. म्हणून वळू बारकाईने तपासले गेले, आणि त्यातून कितीतरी आनुवंशिक दोष उघड झाले.

स्वीडनमध्ये निल्स लागरलॉफ यांनी १९३४ मध्ये वळूंच्या शुक्राणूंची ठेवण आणि वंध्यत्व यांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या स्वीडिश हायलँड जातीत अंडकोष, विशेषतः डावा, पुरता वाढत नसे. हा दोष पिढीजात निघाला. ग्वेर्न्सी जातीच्या काही वळूंमध्ये शुक्राणूचं डोकं आणि शेपूट सुटं झालेलं आढळलं. शेपटी हलतात, पण डोकंच जोडलेलं नाही, तर बीजापर्यंत पोहोचणार काय?

१९६४ मध्ये स्वीडनच्याच गुस्ताव्हसन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गायीबैलांत ६० गुणसूत्रं असतात. काही जनावरांत पहिलं आणि २९वं गुणसूत्र एकमेकांना चिकटलेलं असतं. असा वळू दिसायला ठणठणीत, वीर्यही चांगलं. पण त्याच्या वंशात गायी उलटण्याचं प्रमाण वाढतं. म्हणूनच आज आपल्याकडेही कृत्रिम रेतनासाठी निवडलेल्या वळूची गुणसूत्रं तपासली जातात.

खेचराचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागाव्या लागतात. इथे त्या लागत नाहीत. खेचर ओझं भरपूर वाहतं, पण त्याला पिल्लू होत नाही. 'धडधाकट आहे' याचा अर्थ 'मूल होईल' असा होत नाही, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही.

माणसाची पाळी

१९४२ मध्ये बोस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर यांनी नऊ पुरुषांचं वर्णन केलं : अंडकोष लहान, छाती वाढलेली, वीर्यात शुक्राणू नाहीत. कारण कळलं नाही. कसं कळणार? माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हेच नक्की झालं १९५६ मध्ये. १९५९ मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी दाखवलं की अशा पुरुषात एक्सवायऐवजी एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स जास्तीचा असतो. साधारण सहाशे मुलग्यांमागे एकात हे आढळतं. गंमत म्हणजे काळ्या-नारिंगी ठिपक्यांचा बोका क्वचितच दिसतो आणि बहुधा वांझ असतो, त्याचंही कारण हेच.

१९७६ मध्ये इटलीत तिएपोलो आणि झुफार्दी यांनी ११७० पुरुष तपासले. त्यातल्या सहा जणांत वाय गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला होता आणि त्यांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते. त्याच वर्षी स्वीडनच्या आफ्झेलियस यांनी दाखवलं की काही पुरुषांत शुक्राणूची शेपटी हलवणारी यंत्रणाच जन्मतः अपुरी असते. त्यांना लहानपणापासून सर्दी-खोकल्याचाही त्रास असतो. आणि ग्वेर्न्सी वळूसारखा सुट्या डोक्याचा दोष? २०१६ मध्ये काही पुरुषांत त्यामागे सन-५ नावाचा जनुक सापडला.

महाराष्ट्राचा वाटा

लैंगिक आरोग्यावर उघड बोलण्याची सुरुवात आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी केली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. मुंबईत १९७० मध्ये प्रजननावरील संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून इक्सी तंत्राची बातमी आली : एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडायचा. ज्यांना मूल होणं अशक्य होतं, तेही बाप होऊ लागले. मात्र वडिलांच्या वाय गुणसूत्रातला दोष मग मुलाकडेही जातो. म्हणून आधी जनुकीय तपासणी आणि समुपदेशन हवं.

तुम्ही काय करायचं?

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल, तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करा. वीर्यतपासणी स्वस्त आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा, दोष निघाल्यास पुन्हा एकदा तपासायचा. शुक्राणू शून्य किंवा फारच कमी असतील, तर गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्राची तपासणी डॉक्टर सुचवतात. प्रत्येक दोष आनुवंशिक नसतो. अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, तंबाखू, जिममधली हार्मोनची इंजेक्शनं हीही कारणं आहेत, आणि त्यातली बरीच दुरुस्त होतात. वीर्यात दोष असणं आणि पुरुषत्व नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या मुलाचा रिपोर्ट आला : शुक्राणू शून्य. पुढच्या तपासणीत एक्सएक्सवाय निघालं. त्यावर आज काही जणांना उपाय मिळतात, म्हणून मी त्यांना मोठ्या केंद्रात पाठवलं. निघताना सासूबाई सुनेला म्हणाल्या, "माह्यं चुकलंच, पोरी." सहा वर्षं तिने काय काय ऐकलं असेल! आणि सुरुवातीला लागला असता तो एक साधा रिपोर्ट.