अडखळणाऱ्या इंजिनाचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजवर बसलो होतो. समोर एका डॉक्टरांची पेट्रोलवरची जुनी लक्झरी एसयूव्ही उभी होती. एक्सलेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळायची, झटका द्यायची आणि मग एकदम पळायची. एका सर्व्हिस सेंटरने हवा मोजणारा सेन्सर बदलला, प्लग बदलले, मोठे बिल लावले. झटका मात्र कायम राहिला.

"सर, कम्प्युटरने जो कोड दाखवला तोच पार्ट त्यांनी बदलला," तो म्हणाला. "कोड फक्त ताप सांगतो, बीमारी नाही."

मी भाषा शिकवणारा माणूस. पण त्या वाक्याने पाठ सोडली नाही, म्हणून घरी येऊन या अडखळण्याचा इतिहास वाचून काढला.

मूळ अडचण अशी. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक्सलेटर दाबला की झडप उघडते आणि हलकी हवा लगेच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते, त्यातले काही नळीच्या भिंतीला चिकटते. तेवढा क्षण मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन अडखळते. १८९३ साली हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी फवाऱ्याच्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. त्यानंतरच्या पिढ्यांनी कार्बोरेटरमध्ये जे बदल केले, त्यांतले बरेचसे हा एक क्षण भरून काढण्यासाठीच होते.

इंग्लंडच्या रेंज रोव्हरचे उदाहरण घेऊ. ही गाडी १९७० साली आली. आज आपण तिला चैनीची गाडी म्हणतो, पण सुरुवातीला तिच्या आतली जमीन पाण्याने धुता येत असे. तिचे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन मूळचे अमेरिकेतल्या ब्युइकचे. १९६५ साली रोव्हरने त्याचे हक्क घेतले होते. त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर होते. त्यांत हवेच्या ओढीने वर उचलला जाणारा एक पिस्टन असे आणि त्याला आवरायला थोडे तेल. एक्सलेटर झटकन दाबला तरी तेलामुळे पिस्टन सावकाश वर जाई, ओढ वाढे आणि पेट्रोल जास्त येई. तेल आटले की गाडी अडखळे. वरची टोपी काढून थोडे पातळ तेल घातले की बहुधा काम होई. कान आणि बोटे एवढेच मेकॅनिकचे यंत्र.

पुढे अमेरिकेत धुराविषयीचे कायदे कडक झाले. १९६७ साली बॉशने फोक्सवॅगन १६०० साठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणले. रेंज रोव्हरवर लुकासचे इंजेक्शन १९८५ च्या सुमारास आले. आता किती हवा आली ते सेन्सर मोजू लागला आणि एक्सलेटर किती वेगाने दाबला ते दुसरा सेन्सर सांगू लागला. दुसऱ्या सेन्सरमधली कार्बनची पट्टी झिजली की कम्प्युटरला दाबल्याची खबरच नीट मिळत नसे. झटका तोच, कारण नवे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचे झाले. दोष कोडच्या रूपाने पडद्यावर दिसू लागला आणि कोड म्हणजेच निदान, असा समज पसरला.

माझ्या विद्यार्थ्याने कोड बाजूला ठेवला. इंजिन न्यूट्रलला चालू असताना कम्प्युटर किती जादा पेट्रोल टाकतो, ते त्याने पाहिले. आकडा खूप चढलेला होता. इंजिनाचा वेग वाढवला, तर तो उतरला. "पंप कमजोर असता तर जोर लावल्यावर आकडा वाढला असता. हा उतरतोय, म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय." मग त्याने नळीत धूर सोडला. सेन्सर आणि झडप यांच्यामधल्या रबरी नळीच्या खालच्या बाजूला, घडीत, एक भेग होती. तिथून धूर निघाला. एक्सलेटर दाबला की इंजिन किंचित हलायचे आणि भेग उघडायची. सेन्सर पहिल्यापासून बरोबरच होता. फक्त नळी बदलली. गाडी चढावर एका दमात गेली.

हा मुलगा आठवीत माझ्या वर्गात होता. फळ्यावरचे मराठी वाचताना अडखळायचा. उर्दू माध्यमाचा मुलगा, मराठी कच्ची असणारच, असे मी धरून चाललो. त्याच्या प्रगतिपुस्तकात "वाचन कमकुवत" असे लिहिले आणि शुद्धलेखनाची पाने वाढवली. दहावीत तो नापास झाला. पुढे गॅरेजवर हाताखाली काम करताना उस्तादाच्या लक्षात आले की त्याला लांबचे दिसत नाही. चष्मा लागला. दोन वर्षे तो माझ्यासमोर शेवटच्या बाकावर बसला होता आणि त्याला पुढे बसवून पाहावे, एवढेही मला सुचले नाही.

त्या दिवशी निघताना मी हे त्याला बोलून दाखवले. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "जाऊ द्या सर. चहा घ्या."

आता वर्गात कुणी अडखळले की शेरा लिहिण्याआधी मी त्याला पहिल्या बाकावर बसवतो.